आजारपणाची सूट

डॉक्टर इनामदारांचा फोन आला तेव्हा मी दुधात बोट घालून बघत होते. विरजण लावण्याइतकं ते कोमट व्हायला हवं होतं आणि तेवढा धीर माझ्यात नव्हता. आई गेल्यापासून माझं असंच चाललं होतं. पुस्तक उघडायचे, पान संपायच्या आत उठायचे. मिरजेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते. मुलांना गप्प बसवणं हा माझ्या नोकरीचा भाग. पण मीच कपाटांमधून येरझाऱ्या घालत असे आणि मुलं एकमेकांना कोपरानं ढोसून हसत.

"त्रिशला, बोलायला वेळ आहे का?"

"बोला की, डॉक्टर."

"एक मुलगी आलीय. अकरा वर्षांची. तुझ्यासारखीच."

तुझ्यासारखीच म्हणजे काय, ते मला विचारावं लागलं नाही.

बाईच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात. माझ्यात एकच आहे. दुसरं मी घडत असतानाच कुठेतरी गळून गेलं. यात कुणाची चूक नसते. बहुतेक वेळा ते घराण्यातूनही येत नाही. याला टर्नर सिंड्रोम म्हणतात. उंची खुंटते, बीजकोश काम करत नाहीत, कधी हृदयात, कधी मूत्रपिंडात काही वेडंवाकडं असतं. माझी दोन्ही मूत्रपिंडं खालच्या टोकाला जोडलेली आहेत, घोड्याच्या नालेसारखी. एवढं सगळं माझ्या लहानपणीही डॉक्टरांना माहीत होतं. आतड्याकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला आवर घालणारी काही जनुकं एक्सवरच असतात. एक्स एकटा पडला की आवर सैल होतो. मग ही व्यवस्था घरातल्याच माणसांवर हात उगारते. आतड्यात सुखानं राहणारे जीवाणू तिला शत्रू वाटू लागतात आणि त्या मारामारीत आतड्याचं अस्तर सोलून निघतं. पोटात कळा, जुलाब, रक्त.

टर्नरच्या मुलींना हा आजार इतर मुलींपेक्षा जास्त होतो, आणि सापडतो मात्र उशिरा. मुलगी वाढत का नाही, याचं उत्तर सगळ्यांपाशी आधीच तयार असतं. वजन उतरतंय? टर्नर आहे ना. पोट दुखतंय? वाढीची इंजेक्शनं चालू आहेत ना. मलाही हेच ऐकवलं गेलं. शेवटी आईनं एका सकाळी माझी शी स्टीलच्या डब्यात घातली, झाकण घट्ट लावलं आणि दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून तो डबा उघडला. "हे इंजेक्शनानं होतंय का, सांगा." त्या काळी असे नमुने कुणी स्टीलच्या डब्यातून आणत नसे. डॉक्टर खुर्ची मागे सारून उभे राहिले. पण त्यांनी बघितलं.

पुढे बरीच वर्षं औषधं झाली. काही लागू पडली, काही पडेनाशी झाली. मग माझी पंचविशी उलटल्यावर चाळणी आली.

चाळणी हे लोकांनी ठेवलेलं नाव. ते यंत्र माणसाच्या शीमधले जीवाणू एकेक करून ओळखतं आणि हवी ती वसाहत बाजूला काढतं. त्याच सुमारास पुण्याच्या संशोधकांना आढळलं, की काही बायकांच्या आतड्यात जीवाणूंची अशी एक वसाहत असते, जी संरक्षणव्यवस्थेला शांत ठेवणारं द्रव्य बनवते. जे काम हरवलेल्या एक्सनं करायचं, ते थोडंफार ती करते. ज्या घरातून मुलीचा एकुलता एक्स आला, त्या घरची वसाहत तिला लवकर मानवते. आमच्यासारख्या बहुतेक जणींमध्ये तो आईकडून आलेला असतो. माझाही आईचाच.

अडचण एकच होती. ही वसाहत कारखान्यात वाढवली, की थोड्या पिढ्यांत आपला गुण विसरते. गोठवली, की मंदावते. ती माणसाच्या पोटातच राहते आणि तिथून ताजीच द्यावी लागते.

"म्हणजे विरजण," आई म्हणाली होती.

डॉक्टर इनामदार तेव्हा चाळणीच्या केंद्रात नवख्या होत्या. त्या हसल्या. "हो काकू, विरजणच."

तेव्हापासून आई वर्षातले काही आठवडे सकाळी केंद्रावर डबा देऊन यायची आणि त्यातून निघालेल्या कॅप्सूल मी गिळायची. माझं आतडं शांत झालं. पोटावर चिकटवायची ती चकती, जी घामावरून आतली सूज ओळखते, कायम हिरवी राहू लागली. आईला याचा केवढा अभिमान! "नऊ महिने सांभाळली ते काहीच नाही," ती शेजारणींना सांगायची, "अजून सांभाळतेय."

दात्यांना केंद्राची एक सूचना होती: अँटिबायोटिक घ्यायची वेळ आली तर आधी आम्हाला कळवा. त्या औषधानं आजाराच्या जंतूंबरोबर ही वसाहतही मरते, म्हणून. एवढीच साधी सूचना. आईनं तिचा नियम केला.

आम्ही जैन. आमच्याकडे माणसं नियम घेतात. कुणी पर्युषणात गोड सोडतं, कुणी चार महिने हिरवी भाजी. मी लहानपणी चिंच सोडायचं ठरवलं तेव्हा आईनं मला बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, दारातच अडवलं होतं.

"आधी सूट बोल."

"कसली सूट?"

"आजारपणाची सूट ठेवून, असं म्हण. नियम घेताना बोलून घ्यायचं असतं."

"देवाला कळत नाही होय, मी आजारी आहे ते?"

"देवाला कळतं गं. तुला कळत नाही. तापानं फणफणलीस तरी हट्ट धरून बसशील."

मला हे शिकवणाऱ्या बाईनं स्वतःचा नियम सूट न ठेवता घेतला. मला ते कळलं आई गेल्यावर. लघवीच्या जागी जंतू झाले, ते मूत्रपिंडात चढले, तिथून रक्तात. मी विचारलं की ती म्हणायची, "जरा कणकण आहे." भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसली होती. का, तर पंख्याचा वारा लागतो. गल्लीतल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या नंतर ज्वारीच्या डब्यात सापडल्या. एकही गोळी फोडलेली नव्हती. शेजारच्या कुसुममावशी माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "बस्तीत नियम घेतला होता तिनं. पोरीला डबा देतेय तोवर जंतू मारायचं औषध पोटात घालणार नाही म्हणून. मी विचारलं, सूट ठेवलीस का गं? तर नुसती हसली."

माझा धाकटा भाऊ भूषण तिथेच भिंतीला टेकून उभा होता. "तुझ्यासाठी गेली, अक्का," तो म्हणाला. मग इचलकरंजीला आपल्या घरी निघून गेला. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं उरलं.

डॉक्टर इनामदारांना मी म्हटलं, "येते बघायला." दूध तोवर पार गार झालं होतं.

*

मुलीचं नाव कस्तुरी पावसे. दापोलीजवळच्या हर्णैची. वडील जनार्दन, त्यांची मासेमारीची बोट. वॉर्डात गेले तेव्हा ती खाटेवर मांडी घालून बसली होती. सातेक वर्षांची वाटावी एवढीशी. चेहरा पांढरा पडलेला, डोळे मात्र कुणाचीही खोडी काढतील असे.

"तुम्ही पण टर्नर?" तिनं विचारलं.

"हो."

"उभ्या राहा बघू नीट."

मी नीट उभी राहिले.

"एवढीच उंची?"

"एवढीच."

"चालेल," ती बापाकडे वळून म्हणाली. "बोटीच्या केबिनीत डोकं आपटणार नाही."

"गप गो," जनार्दनभाऊ म्हणाले, आणि मला घेऊन बाहेर आले. व्हरांड्यात त्यांना काय करावं सुचेना. टोपी काढली, परत घातली. "बाय, सर्जन बोलतो मोठं आतडं काढायला लागेल. पोटाला पिशवी लावायची. जगेल, बोलतो. जगेल ते खरं. पण माझी पोर समुद्रात पोहते हो. तिची आईस बोलते, पिशवी लावून पण पोहता येतं. मला मात्र डोळ्यांपुढे काय येत नाय."

तिचा एक्स वडिलांकडून आला होता, म्हणजे मूळचा वडिलांच्या आईचा. ती आजी कधीच वारली होती. कस्तुरीच्या आईनं डबे देऊन बघितले. ते रुजले नाहीत. औषधं एकामागून एक निकामी झाली. मग डॉक्टरांनी देशभरच्या केंद्रांतल्या नोंदी जुळवून पाहिल्या आणि सगळ्यांत जवळची जुळणी निघाली ती विजयमाला मगदूम, मिरज. माझी आई.

"आईचं काहीच शिल्लक नाही," मी म्हटलं.

"शिल्लक आहे. तुझ्यात," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पडद्यावर रंगीत पट्ट्यांचा एक आलेख आणला. "ही जांभळी पट्टी बघ. तुझ्या आईची. तुझ्यात इतकी पक्की बसलीय की कॅप्सूल थांबल्या तरी हललेली नाही. तू देऊ शकतेस. दोन फेऱ्या कराव्या लागतील. पहिलीत पेरायचं, दुसरीत धरायचं. तोवर सर्जनला थांबायला सांगते."

मी त्या जांभळ्या पट्टीकडे बघत राहिले. आईची राख कृष्णेत गेली होती. लुगडी वाटून झाली होती. आणि इथे या पडद्यावर तिची एक वसाहत नांदत होती, खात-पीत, पिलावळ वाढवत. माझ्या शरीराला मूल होणार नाही हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. त्याचं दुःख करण्याची सवयही मोडली आहे. तरी त्या क्षणी वाटलं, हे माझं आहे. हे कुणाला का द्यायचं?

लगेच स्वतःचाच राग आला. विरजण दिल्यानं आपलं दही कमी होत नाही, हे आमच्या गल्लीतल्या पोरीबाळींनाही कळतं. आपलं बिघडलं, तर ज्या घरी दिलं तिथूनच परत आणायचं असतं.

खाटेपाशी परत गेले तेव्हा कस्तुरीनं विचारलं, "तुमची आई मासे खायची?"

"कांदासुद्धा खाल्ला नाही तिनं कधी."

"बापरे. मग तिचे जीव माझ्या पोटात बोंबील बघून पळतील सगळे."

"पळाले तर मी धरून आणीन," मी म्हटलं.

*

रोज सकाळी केंद्रानं दिलेला पांढरा डबा मांडीवर घेऊन मी रिक्षानं जायची. रिक्षावाला ठरलेला झाला होता. एकदा उतरताना मी डबा सीटवरच विसरले, तर तो हाक मारत मागे धावला. "मॅडम, डबा! पेशंटचा ना?"

"हो, पेशंटचा."

"घरचं अन्न बाकी वेगळंच. कुणाच्या हातचं?"

"आईच्या," मी म्हटलं. त्या दिवशी ग्रंथालयात बराच वेळ मला हसू आवरत नव्हतं, आणि ते हसू आहे की काय आहे याची खात्री नव्हती.

पहिली फेरी झाली. कस्तुरीची चकती लालच होती, पण आलेखात एक केसाएवढी जांभळी रेघ उमटली. डॉक्टर तिला बोट लावून लावून दाखवत होत्या. कस्तुरी म्हणाली, "ही रेघ म्हणजे तुमची आई? बारीक झाली." मधल्या विसाव्यानंतर दुसरी फेरी सुरू झाली.

आणि एका दुपारी पुस्तकं लावता लावता मला थंडी वाजली.

ऑक्टोबर होता. खिडकीबाहेर डांबर मऊ पडलं होतं. कमरेच्या डाव्या बाजूला जुनी, ओळखीची ठणक. लघवीला जळजळ. नालेच्या आकाराच्या मूत्रपिंडांना हे अधूनमधून होतं. एरवी मी सरळ डॉक्टरांकडे जाते, अँटिबायोटिक घेते, संपतं. आईच्या कॅप्सूल पुन्हा सुरू केल्या की पट्टी परत जागेवर येत असे. आता मात्र कॅप्सूल द्यायला आई नव्हती. औषध घेतलं तर जांभळी पट्टी जाईल. माझ्यातली कायमची, आणि कस्तुरीचे डबे लगेच बंद. सर्जन आणखी थांबणार नव्हता.

केंद्रावर डबा घेणारी मुलगी रोज सकाळी तेच विचारायची, "ताप, जळजळ, काही औषध?" मी म्हणायची, "नाही." पहिल्या सकाळी, ताप उतरलेला होता म्हणून, ते निम्मं खरं होतं. पुढच्या सकाळी तेवढंही नव्हतं. ताप दुपारनंतर चढायचा आणि सकाळी त्यांचं यंत्र कपाळाला लागेपर्यंत खाली यायचा. एवढी फेरी होऊ दे, मी स्वतःला सांगत होते. थोडेच डबे उरलेत. घरात मी या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. बसलं की ठणकायचं. आईचा तपकिरी स्वेटर कपाटातून कधी काढला, आठवत नाही.

रविवारी भूषण आला. शेंगांचं पोतं द्यायला आलो म्हणाला. दरवर्षी तो आईला द्यायचा. पोतं दारात ठेवलं आणि तसाच उभा राहिला.

"स्वेटर?"

"ग्रंथालयात एसी फार असतो. अंगात भरलाय."

"आज रविवार आहे, अक्का."

मी आत चहा टाकायला गेले. तो मागोमाग आला आणि सरळ माझ्या कपाळाला हात लावला, लहानपणी आई लावायची तसा, उलट्या हातानं. मी तो झटकला.

"कधीपासून?"

"होईल बरं."

"कधीपासून ते विचारलं."

मग मी सांगितलं. मुलगी, बोट, जांभळी रेघ, सगळं. माझा आवाज चढत गेला. "औषध घेतलं तर तिचं आतडं काढतील, भूषण. अकरा वर्षांची पोर आहे. आणि..." मी चहात दुसऱ्यांदा साखर टाकली. "आणि आई जाईल."

"आई गेलीय," तो म्हणाला. "मी खांदा दिलाय."

चहा उतू गेला. त्यानंच गॅस बंद केला. मी आईच्या खुर्चीत बसले.

"तूच म्हणाला होतास, माझ्यासाठी गेली."

"म्हणालो होतो." तो फडक्यानं ओटा पुसू लागला, पुसलेलीच जागा परत परत. "चुकलं. तुझ्यासाठी डबा द्यायची ती ठीक. पण मरायला तू सांगितलं नव्हतंस. ती सूट न ठेवल्यानं गेली. आणि तू तिचा स्वेटर घालून त्याच खुर्चीत बसलीयस. तूही गेलीस तर मी हे पोतं घेऊन कुणाच्या घरी जाऊ, सांग."

त्याच्या बोलण्यानं मी लगेच बदलले असं नाही. मला तेव्हाही वाटत होतं की माझ्या जिवाचं मी बघून घेईन. पण स्वस्थ बसता येईना म्हणून मी उठून खिडकीशी गेले, आणि जी गोष्ट इतके दिवस डोक्याच्या एका कोपऱ्यात दाबून ठेवली होती ती तिथे सरळ समोर आली. मी पुस्तकांत राहणारी बाई. लघवीत शिरणारे जंतू येतात कुठून, हे मला चांगलं ठाऊक होतं. बहुतेक वेळा स्वतःच्याच आतड्यातून. म्हणजे आजच्या डब्यातही ते असू शकत होते. चाळणी त्यांना गाठते, पण प्रत्येक वेळी गाठतेच असं नाही. आणि तो डबा ज्या पोटात जाणार, तिथलं अस्तर आधीच सोलवटलेलं होतं.

मी डॉक्टर इनामदारांना फोन लावला.

"माझे शेवटचे डबे थांबवा. मला ताप आहे. तीन दिवस झाले. मी खोटं सांगितलं."

पलीकडे त्या कुणाला तरी भराभर सूचना देत असल्याचं ऐकू आलं. परत येऊन म्हणाल्या, "आजचा आणि कालचा अजून दिलेला नाही. परवाचा गेलाय, पण चाळणीत स्वच्छ निघाला होता. तिच्यावर लक्ष ठेवते. तू आत्ताच्या आत्ता निघ. कोण आहे सोबत?"

"भूषण आहे. डॉक्टर, आईनं तापात दिलेले डबे..."

"आज नको ते."

"सांगा."

"ती दाखल झाल्याचं कळलं तेव्हा तिचे शेवटचे सगळे डबे आम्ही टाकून दिले, त्रिशला. तशी पद्धतच आहे. तुझ्यापर्यंत त्यातलं काही आलं नाही."

म्हणजे आईनं सोसलेला तो ताप कुणाच्याच उपयोगी पडला नव्हता. भूषणनं माझ्या हातातून फोन घेतला. मी स्वेटर काढला आणि घडी न घालता खुर्चीवर ठेवला.

*

सलाइनमधून औषध सुरू झालं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. नळीतून थेंब पडताना काही ऐकू येत नाही. तरी मी कान देऊन होते.

ताप उतरल्यावर जनार्दनभाऊ भेटायला आले. मी माफी मागायची तयारी करून ठेवली होती. खरं तर त्यांच्या मुलीला मी धोक्यात घातलं होतं. ते स्टुलावर बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

"बाय, मी आधी लय चिडलो होतो. डॉक्टरणीनं सांगितलं तेव्हा," ते म्हणाले. "आमच्या बोटीवर कोण दुखणं लपवून चढला, तर त्याला मी पुढच्या खेपेला नेत नाय. भर समुद्रात तो पडला तर सगळ्यांना परत फिरायला लागतं. पण मधेच सांगितलं, तर बोलतो, बरा होऊन ये."

"कस्तुरी कशी आहे?"

"रेघ आहे अजून. तुमच्या आईची." त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवली. "सर्जन बोलला, बघू. ते 'बघू' म्हणजे काय, ते मी रोज त्याच्या तोंडावर शोधतो."

माझ्या आलेखातली जांभळी पट्टी गेली. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि तसाच ठेवला, मला हवा तेवढा वेळ बघता यावं म्हणून. ती जागा रिकामी नव्हती. दुसरे रंग तिथे पसरले होते.

कस्तुरीचं मात्र अर्ध्या विरजणावर लागलं. थंडीत असं होतं. विरजण थोडं पडलं तर दही लागायला वेळ लागतो, भांडं हलवायचं नसतं. सर्जननं तारीख पुढे ढकलली, परत ढकलली. संक्रांतीच्या सुमारास तिची चकती पिवळी झाली आणि ती हर्णैला घरी गेली. फोनवर मला रोजचं रोज सांगायची: आज भात खाल्ला, आज बाबांना न सांगता पाण्यात उतरले, आज सुरमई खाल्ली आणि तुमची आई पळाली नाही.

माझी चकती त्याच महिन्यात हिरवी राहिली नाही. कळा परत सुरू झाल्या. नवी औषधं थोडं सांभाळायची, थोडं सोडायची. भूषण आता दर रविवारी येतो. उलट्या हातानं कपाळ बघतो, मग शेंगा सोलत बसतो. मी वाढलेलं सगळं जेवते की नाही यावर नजर ठेवतो, आणि ते माझ्या लक्षात येत नाही असं त्याला वाटतं.

उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर केंद्रातून निरोप आला. गेले तर दारातल्या बाकावर कस्तुरी. उन्हानं रापलेली, बोटभर वाढलेली. मांडीवर पांढरा डबा, अजून रिकामा. शेजारी जनार्दनभाऊ.

"मावशी, तुमचं विरजण परत द्यायचंय."

मी डॉक्टरांकडे बघितलं. "मुलांना चालतं?"

"आईवडिलांची संमती आणि मुलीची स्वतःची इच्छा असली तर चालतं," त्या म्हणाल्या. "मी सगळं तपासलंय. तिची पट्टी आता तुझी होती त्याहून रुंद आहे. आणि तिनं मला तीनदा फोन करून छळलंय."

"बिघडलं नाही ना गं? इतके मासे खाऊन?"

"उलट!" कस्तुरी म्हणाली. "तुमच्या आईला आता बोंबील आवडतात."

"गो!" जनार्दनभाऊ ओरडले आणि धसकून माझ्याकडे बघू लागले. पण मला इतकं हसू आलं की डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला. आईनं हे ऐकलं असतं तर तोंडाला पदर लावला असता, आणि मग पदराआड हसली असती.

संमतीच्या पडद्यावर कस्तुरीनं अंगठा टेकवायला हात उचलला, तेव्हा मी तो धरला.

"थांब. आधी सूट बोल."

"कसली सूट?"

मी तिला सांगितलं. चिंच, बस्तीचं दार, आई काय म्हणाली ते. ज्वारीच्या डब्यातल्या पट्ट्यांचंही सांगितलं. ती गंभीरपणे ऐकत होती. मग उठून शाळेत प्रतिज्ञेला उभं राहतात तशी हात पुढे करून उभी राहिली.

"मी मावशीला डबा देईन. रोज देईन. मासे पण खाईन." एक डोळा बापाकडे. "आजारपणाची सूट ठेवून."

"परत म्हण."

"आजारपणाची सूट ठेवून."

"कणकण आली तरी?"

"लगेच सांगीन. ओरडून सांगीन." तिनं हात खाली केला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. "आता तुम्ही बोला."

"मी कशाला? मी तर घेणार आहे."

"मग घेताना बोला."

जनार्दनभाऊ टोपी हातात घेऊन उभे होते. आत कुणीतरी आमच्या आधीचं नाव पुकारलं. मी उभी राहिले, तिच्याहून थोडीच उंच, हात पुढे केला आणि बोलले. 'आजारपणाची सूट ठेवून' हे तिनं मलाही परत म्हणायला लावलं.

मग आम्ही दोघी बाकावर बसलो, आणि आमचं नाव येईपर्यंत बसून राहिलो.